प्याला आणि प्याला देणारा हात

अंबरनाथच्या मोरिवलीसारख्या औद्योगिक वसाहतीत नुकताच कामाला लागलेला तरुण पहिल्या पगाराच्या दिवशी मद्याचा प्याला हाती घेतो, तेव्हा त्यामागे तहान नसते. सोबत्यांचा आग्रह असतो आणि या घोटाने शीण उतरेल ही ऐकीव आशा असते. आपण मात्र केवळ प्याल्याला दोष देऊन मोकळे होतो. राम गणेश गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच प्याल्यापलीकडे पाहिले होते.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारी येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट राहिले आणि पोटासाठी किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांचे मास्तर व्हावे लागले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरुस्थानी मानून त्यांनी लेखणी चालविली. गोविंदाग्रज या नावाने कविता आणि बाळकराम या नावाने विनोद लिहिणाऱ्या या लेखकाने अखेरच्या काळात ‘एकच प्याला’ लिहिले.

त्यातील सुधाकर हा बुद्धिमान, मानी आणि निर्व्यसनी वकील. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळापुरती जाते. अपमानाने पोळलेल्या या क्षणी त्याचाच कारकून तळीराम दुःखाचा विसर पाडणारे औषध म्हणून प्याला पुढे करतो. पुढे ‘आर्य मदिरा मंडळा’ची संगत मिळते, तेथे न पिणाराच परका ठरतो. सुधाकर एकदा निश्चयाने दारू सोडतोही. परंतु काम मागावयास गेल्यावर प्रतिष्ठित मंडळी त्याच्याकडे दारुड्या म्हणूनच पाहतात. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो आणि संसाराची राखरांगोळी होते.

या नाट्यदृष्टीला पुढे प्रयोगाचाही आधार मिळाला. १९७३ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट व त्यांच्या सहकाऱ्यांनी काहींना व्होडका मिसळलेले आणि काहींना नुसते टॉनिक दिले. पेयात मद्य आहे की नाही, हे काहींना खरे, तर काहींना खोटे सांगितले. पेयात मद्य आहे असा ज्यांचा समज होता, ते प्रत्यक्षात मद्य नसतानाही अधिक प्याले. व्यसनी माणसेही याला अपवाद नव्हती. अर्थात यामुळे प्याला निर्दोष ठरत नाही. जडलेले व्यसन शरीरालाही जखडते. परंतु इच्छेचे मूळ पुष्कळदा समजुतीत आणि संगतीत असते.

२३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे क्षयाने गडकऱ्यांचे निधन झाले. वयाची चौतिशीही पुरी झाली नव्हती. महिना उलटण्यापूर्वीच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू झाले होते. सिंधूसाठी मराठी प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या अश्रू ढाळले. पण तळीरामाचा आग्रह आणि सुधाकराला काम नाकारणाऱ्यांचा सभ्यपणा यांकडे त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेले. मोरिवलीतल्या तरुणाने नको म्हटल्यावर त्याची थट्टा न करणे आणि दारू सोडलेल्याला पुन्हा विश्वासाने कामावर घेणे, ही दोन कर्तव्ये न पिणाऱ्यांचीही आहेत.