दंडावरची खूण

माझ्या डाव्या दंडावर बी. सी. जी.चा एक लहानसा व्रण आहे. बहुधा तुमच्याही असेल. या तीन अक्षरांपैकी पहिले जंतूचे, उरलेली दोन माणसांची: काल्मेत आणि गेरँ. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय घेतल्यापासून मला या काल्मेतविषयी कुतूहल वाटू लागले.

आल्बेर काल्मेत यांचा जन्म १८६३ साली फ्रान्समधील नीस येथे झाला. आरमारात डॉक्टर असताना १८९१ मध्ये त्यांनी सायगाव येथे पाश्चर संस्था उभारली. तेथे नागाच्या विषाचा अभ्यास केला आणि पुढे सर्पदंशावरील प्रतिविष तयार केले. १८९५ पासून ते लील येथील पाश्चर संस्थेचे प्रमुख झाले. त्या गिरणगावात क्षयाने थैमान घातले होते.

क्षयाचा जंतू मोठा बिलंदर! त्याला गिळणाऱ्या पेशीच्या पोटातच तो बिऱ्हाड थाटतो. रक्तातील प्रतिद्रव्ये तेथे पोचत नाहीत. म्हणून जिवंत, पण निरुपद्रवी जंतू हवा होता.

१९०८ मध्ये काल्मेत व पशुवैद्य कामीय गेरँ यांनी गाईच्या क्षयाचा जंतू बैलाचे पित्त व ग्लिसरीन लावलेल्या बटाट्यावर वाढवला. जंतूंच्या गुठळ्या मोडाव्यात एवढाच हेतू होता. पण जंतू सौम्य होत चालला. मग दर तीन आठवड्यांनी नवा बटाटा! महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी क्रम मोडला नाही. तेरा वर्षांत अशी २३० पुनर्लागवड झाली. १९२१ मध्ये पॅरिसमधील एका तान्ह्या बाळाला ती लस प्रथम पाजण्यात आली. त्याची आई क्षयाने दगावली होती.

१९३० साली जर्मनीतील ल्यूबेक येथे सुमारे २५० बालकांना लस दिली गेली. सत्तरहून अधिक दगावली. लस निर्दोष होती. तेथील प्रयोगशाळेत तिच्यात जहाल क्षयजंतू मिसळले गेले होते, असे चौकशीत ठरले. पण काल्मेत यांना त्या घटनेचा फार धक्का बसला होता. १९३३ मध्ये ते वारले.

ही लस बालकांना तारते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे मात्र ती तोकडी पडते, हे १९६८ मध्ये चिंगलपट जिल्ह्यात सुरू झालेल्या चाचणीत दिसले. म्हणून आज लशीचा जोर वाढवणारी साहाय्यक द्रव्ये मिसळून नव्या लशी उंदरांवर तपासतात. आणि तुलनेसाठी शेजारच्या पिंजऱ्यात बी. सी. जी. टोचलेले उंदीर ठेवतात.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिकात दोन नळ्यांवर नावे घालायचा मी कंटाळा केला. सरांनी दोन्ही नळ्या टाकून द्यायला लावल्या. तेव्हा मला राग आला होता. ल्यूबेकची हकिकत वाचल्यापासून मी नळीच्या आधी पेन्सिल हातात घेतो.