लक्ष्मीबाई टिळक

मी सातवीत आहे. यंदाच्या भित्तिपत्रकासाठी मी लक्ष्मीबाई टिळकांची माहिती लिहिली आहे. शाळेत न जाता त्या एवढ्या मोठ्या लेखिका झाल्या, याचे मला फार नवल वाटते.

त्यांचा जन्म 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला झाला. माहेरचे आडनाव गोखले, लाडाचे नाव मनू. 1857 च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्यानंतर वडिलांनी सोवळ्याचे भलतेच वेड घेतले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! (मीठ धुतल्यावर उरत किती असेल?) अशा घरात मनू वाढली.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. हेच ते फुलामुलांचे कवी. टिळक हुशार, मायाळू, पण फार तापट. त्यांनीच लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला शिकवले. जोडाक्षरे मात्र त्यांना अवघडच जात.

1895 साली टिळक मुंबईस ख्रिस्ती झाले. ही बातमी ऐकून लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. काही काळ त्या नातेवाइकांकडे पंढरपूरला राहिल्या. अशी चार-पाच वर्षे गेली. मला वाटते, आपल्या गावातल्या बायाबापड्यांना त्यांचे दुःख जास्त कळेल.

शेवटी त्या दत्तूला घेऊन नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे गेल्या. पण धर्म सोडला नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हे मला फार आवडले. मग विचार करता करता लक्ष्मीबाईंच्याच मनात आले, की देवाने माणसे केली, जाती काही त्याने केल्या नाहीत. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी, बरं का! पुढे 1900 साली राहुरीला त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

त्यांचा देव नुसता प्रार्थनेपुरता नव्हता. दुष्काळात निराधार झालेली मुले त्यांनी घरात घेतली. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, तरी आलेल्याला त्या जेवू घालीत.

1919 साली टिळक वारले. येशूच्या चरित्रावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे मोठे काव्य अर्धवट राहिले होते. दहा-अकरा अध्यायच झाले होते. ते कोण पुरे करणार? लक्ष्मीबाई नेटाने बसल्या आणि 64 अध्याय लिहिले! जोडाक्षरांशी झगडणारी बाई ती!

दत्तू मोठा झाल्यावर त्याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या. त्यांतूनच ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक तयार झाले. 1934 ते 1936 या काळात त्याचे चार भाग निघाले. त्यात त्या स्वतःच्या फजितीवरही हसतात. भाषा अगदी आपल्या आजीसारखी. पालकांनी ते जरूर वाचावे, मुलांना वाचूनही दाखवावे.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते 1938 साली. ते पाहायला त्या नव्हत्या.