तेलुगू देशमचे रामाराव

नंदमुरी तारक रामाराव यांचा जन्म २८ मे १९२३ रोजी कृष्णा जिल्ह्यातील निम्मकुरू या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. विजयवाड्यात घरोघर, हॉटेलांत दूध घालीत ते शिकले, गुंटूरच्या कॉलेजातून बी. ए. झाले आणि त्यांना सबरजिस्ट्रारची नोकरी लागली. ती त्यांनी काही आठवड्यांतच सोडली! ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढते, तिथे सरकारी नोकरीची केवढी वाट पाहिली जाते हे मी जाणतो; म्हणून हे धाडस मला त्यांच्या साऱ्या चित्रपटांहून मोठे वाटते. चित्रपटांविषयी काय सांगावे? 'मायाबझार'मधल्या (१९५७) त्यांच्या कृष्णाबद्दल आमच्या सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत म्हातारी माणसे अजून बोलतात.

१९७८ नंतरच्या पाच वर्षांत आंध्रात काँग्रेसचे चार मुख्यमंत्री झाले. कोणी यावे, कोणी जावे, हे दिल्लीत ठरे. हा तेलुगू माणसाचा अपमान आहे, असे सांगत रामारावांनी २९ मार्च १९८२ रोजी तेलुगू देशम पक्ष काढला. जुन्या शेव्हरले गाडीचा रथ करून ते गावोगाव हिंडले. जानेवारी १९८३ मध्ये, अवघ्या नऊ महिन्यांच्या पक्षाने २९४ पैकी दोनशेहून अधिक जागा जिंकल्या. दोन रुपये किलो तांदूळ देण्याचे वचन त्यांनी पाळले; रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्यांनाच त्याचे मोल कळेल.

ऑगस्ट १९८४ मध्ये, ते अमेरिकेहून हृदयाची शस्त्रक्रिया करून परतताच राज्यपालांनी त्यांचे सरकार बरखास्त केले. रामाराव आमदारांना घेऊन, चाकांच्या खुर्चीतून, थेट राष्ट्रपतिभवनात गेले. साऱ्या देशातील विरोधी पक्ष त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि महिन्याभरात मुख्यमंत्रिपद परत मिळाले. त्याच डिसेंबरात काँग्रेसची लाट असतानाही तेलुगू देशमचे ३० खासदार निवडून आले. एका प्रांतातला पक्ष लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला!

१९८८ मध्ये ते राष्ट्रीय आघाडीचे अध्यक्ष झाले. पण दिल्लीच्या मनमानीविरुद्ध लढणारा हा माणूस स्वतःच्या पक्षात कोणाचे ऐकत नसे. १९८९ च्या आरंभी त्यांनी सगळे मंत्रिमंडळच एका फटक्यात काढून टाकले. मला हे खटकते. त्याच वर्षाअखेर आघाडीचे व्ही. पी. सिंह पंतप्रधान झाले खरे, पण आंध्रातल्या ४२ पैकी तेलुगू देशमला दोनच जागा मिळाल्या आणि राज्यही गेले. घरचा मतदार रुसला, मग दिल्लीत अध्यक्षपद असून त्याला वजन ते किती उरणार?

१९९४ ला जनतेने त्यांना पुन्हा भरभरून मते दिली. परंतु पुढल्याच ऑगस्टमध्ये जावई चंद्राबाबू नायडू यांनी आमदार फोडून सत्ता घेतली. १८ जानेवारी १९९६ रोजी हैदराबादेत हृदयविकाराने रामाराव गेले. त्याच जूनमध्ये दिल्लीत संयुक्त आघाडीचे सरकार आले, तेव्हा आघाडीचे निमंत्रक हेच जावई होते. आणि २०२४ मध्ये भाजपचे बहुमत हुकले, तेव्हा सरकार उभे करायला तेलुगू देशमचे १६ खासदार लागले.