पुरुषवेषातील विनोदी गायिका : व्हेस्टा टिली

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी एखादा विनोदी प्रवेश असतोच. धोतर-टोपी घालून सासरेबुवा व्हायला आधी कोणी तयार नसते, आणि एकदा मिशी चिकटली की ती काढायलाही कोणी तयार नसते! मिशी चिकटवणाऱ्या आणि तिला हसणाऱ्या अशा दोन्ही भगिनींसाठी ही एका विलायती बाईंची हकीकत. त्यांनी जवळजवळ सारा जन्म पुरुषाच्या सोंगात काढला.

त्यांचे मूळ नाव मटिल्डा ॲलिस पाउल्स. जन्म १३ मे १८६४ रोजी इंग्लंडातील वूस्टर गावी झाला. तेरा भावंडांत त्या दुसऱ्या. वडील हॅरी बॉल या नावाने रंगमंचावर विनोदी गाणी म्हणत आणि पुढे नॉटिंगहॅम येथील एका म्युझिक हॉलची व्यवस्थाही पाहत. म्युझिक हॉल म्हणजे आपल्या जलशाचा साहेबी चुलतभाऊच म्हणा ना! गाणी, नकला, कसरती एकामागून एक चालायच्या आणि समोरच्या मंडळींच्या हाती पेला असायचा. अशा जागी ही पोर चार वर्षांचीही झाली नव्हती तोच उभी राहून गाऊ लागली.

सहाव्या वर्षी ती प्रथम पुरुषवेषात लोकांसमोर आली, आणि तीही कोणाच्या वेषात? सिम्स रीव्ह्ज म्हणून त्या काळचा एक फार गाजलेला गवई होता. मोठा रुबाबदार आणि गंभीर. त्याची ही मूठभर पोर नक्कल करी. खिशात मावणारा सिम्स रीव्ह्ज अशीच तिची जाहिरात लागे. मोठ्या गवयाचा तोरा सहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर पाहून लोकांना हसू आवरत नसे. मुलीच्या पोशाखापेक्षा मुलाच्या पोशाखात आपल्याला अधिक मोकळे वाटते हे तिला तेव्हाच कळले. १८७४ साली ती लंडनच्या रंगमंचावर आली आणि पुढे व्हेस्टा टिली हे नाव कायम झाले. व्हेस्टा ही रोमन लोकांची चुलीची देवता, आणि तिकडे आगकाडीलाही हेच नाव होते. दोन्ही अर्थ शोभले म्हणायचे, कारण घरची चूल बरीचशी या मुलीच्याच मिळकतीवर पेटत होती.

१८९० साली त्यांनी वॉल्टर डी फ्रेस यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ नाटकगृहाच्या धंद्यातले. पत्नीसाठी ते गाणीही रचीत.

टिलीबाईंचे सोंग म्हणजे आचरटपणा नव्हे. केसांच्या वेण्या डोक्याशी घट्ट बसवून त्यावर पुरुषी केसांचा टोप घालायचा. कोट-पाटलोण पुरुषांच्या उत्तम शिंप्याकडूनच शिवून घ्यायची. आवाज मात्र त्यांनी कधी जाड काढला नाही. गाणे बाईच्याच गळ्यातून यायचे आणि गंमत तिथेच होती. वर्षभर काटकसर करून आठ दिवस समुद्रकाठी लाटसाहेब बनणारा कारकून, बापाच्या पैशावर झुलणारा पोरगा, अशी माणसे त्या उभ्या करीत. समोर बसलेल्या बायका शेजारच्या नवऱ्याकडे पाहून हसत, आणि नवरे तर हौसेने त्यांच्या कोटाचा नमुना उचलत! बालगंधर्वांचे शालू पाहून आपल्याकडच्या बायका नटू लागल्या, त्याची ही उलटी बाजू. रंगमंचाबाहेर मात्र टिलीबाई झालरीचा झगा आणि दागिने अशा थाटाच्या बाईमाणूसच असत.

तरी सगळ्यांना हे रुचत होते असे नाही. १९१२ साली लंडनच्या पॅलेस थिएटरात राजाराणींपुढे खास खेळ झाला. बाई पाटलोण घालून आलेली पाहताच राणी मेरीने कार्यक्रमपत्रिका तोंडापुढे धरली असे सांगतात.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि या हसण्याला निराळीच धार आली. आरंभी इंग्लंडात सैन्यभरती सक्तीची नव्हती. टिलीबाई खाकी गणवेशात गात आणि प्रेक्षकांतल्या तरुणांना वर बोलावून भरती व्हायला लावीत. भरतीसाठी हिंडणाऱ्या खऱ्या हवालदारांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक, असे लोक म्हणू लागले. आजवर त्यांनी ज्या पोरांची टर उडवली होती तीच ही पोरे. वर चढलेल्यांपैकी किती घरी परतले असतील? बाईंचा हेतू देशसेवेचा होता यात मला शंका नाही, पण गणवेश त्यांच्या अंगावरून खेळ संपताच उतरत असे, त्या पोरांच्या अंगावरून नव्हे. इथे माझे मन अडते.

त्या स्वतः काय समजत होत्या कोण जाणे. पण १९१६ साली त्यांनी जखमी शिपायाचे गाणे आणले. जखम झाली, बरे झाले, आता घरी जायला मिळेल, असा त्या शिपायाचा आनंद. घर या अर्थी गोरे शिपाई ब्लायटी म्हणत. हा शब्द म्हणजे आपल्या विलायतीचाच अपभ्रंश. हिंदुस्थानातल्या पलटणींतून तो तिकडे पोचला होता.

१९१९ साली पतींना सर हा किताब मिळाला आणि बाई लेडी डी फ्रेस झाल्या. किताबवाल्या घरात रंगमंच चालण्यासारखा नव्हता. निरोपाचे खेळ गावोगाव करून त्यांनी ते उत्पन्न मुलांच्या इस्पितळांना दिले. ५ जून १९२० रोजी लंडनच्या कोलिझियममध्ये शेवटचा खेळ झाला. वय छप्पन्न, पन्नास वर्षे त्या पुरुष होत होत्या. चाहत्यांच्या सह्यांच्या वह्या त्या रात्री एलेन टेरी या थोर अभिनेत्रीच्या हस्ते त्यांना दिल्या, आणि सह्या वीस लाखांच्या घरात होत्या.

पती पार्लमेंटात गेले आणि बाई त्यांच्यासोबत सभा-मेजवान्यांना जाऊ लागल्या. १९३४ साली त्यांनी आपल्या आठवणी छापल्या, आणि पुढच्याच वर्षी पती वारले. १६ सप्टेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुटनी व्हेल येथे पतीशेजारी त्यांचे दफन केले आहे.