पाव्हलॉव्ह आणि पांढरे उंदीर

मानसशास्त्र घेतलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना इव्हान पाव्हलॉव्ह ठाऊक असतात ते त्यांच्या कुत्र्यांमुळे. पाठ्यपुस्तकातील ती आकृती परीक्षेत काढून झाली, की आपण त्यांना विसरतो. मला मात्र त्यांच्या चरित्रातील उंदरांचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते.

पाव्हलॉव्ह यांचा जन्म १८४९ साली रशियातील रियाझान येथे झाला. वडील धर्मोपदेशक. मुलालाही त्यांनी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घातले. पण तेथे सेचेनॉव्ह यांचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरील लेखन त्याच्या वाचनात आले आणि वाट बदलली. १८७० मध्ये हा तरुण पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाला. १८८१ मध्ये विवाह झाला, तरी पुढे कित्येक वर्षे संसार ओढगस्तीचाच होता. १८९० मध्ये लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा कुठे घडी बसली.

पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक लाभले. या संशोधनातच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. अन्न तोंडात पडण्यापूर्वी, ते आणणाऱ्याची नुसती चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटे. एखाद्याने तिकडे काणाडोळा केला असता. पाव्हलॉव्ह यांनी उरलेले आयुष्य त्या लाळेच्या थेंबांना वाहिले. आधी मेट्रोनोमचे ठोके ऐकवायचे, मग अन्न द्यायचे. असे वारंवार केले, की केवळ ठोक्यांनीही लाळ येते. अन्न देणे थांबवले, की ती हळूहळू बंद होते. अभिसंधान म्हणतात ते हेच.

१९२३ मध्ये त्यांनी पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष जाहीर केले. विजेची घंटा वाजताच अन्नाकडे धावायचे, हे शिकण्यास पहिल्या पिढीला ३०० पाठ लागले. दुसरीला १००, तिसरीला ३०, चौथीला १० आणि पाचवीला अवघे ५! म्हणजे आईबापांनी कमावलेली सवय पिलांच्या रक्तात उतरते, असे दिसत होते. शिक्षण असे वारशाने मिळणार असेल, तर मानवजातीचे भवितव्यच पालटावे! पण आनुवंशशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या. अधिक काटेकोरपणे पुन्हा प्रयोग केले, तेव्हा त्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही. १९२७ मध्ये पाव्हलॉव्ह यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. ऐंशीच्या घरात आलेल्या जगन्मान्य शास्त्रज्ञाला हे सोपे गेले असेल काय?

१९३६ मध्ये लेनिनग्राड येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९४८ मध्ये, कमावलेले गुण वारशाने उतरतात हेच मत सोव्हिएत संघात सरकारी आशीर्वादाने अधिकृत ठरले, आणि ते न मानणारे अनेक शास्त्रज्ञ नोकरीला मुकले. हे वाचले, की पाव्हलॉव्ह यांच्या माघारीची थोरवी मला अधिकच पटते. जे मत पुढे सत्तेला हवेहवेसे झाले, ते त्यांनी केवळ पुराव्याअभावी सोडून दिले होते.

आजही प्रयोगशाळेतील उंदराचे पिल्लू पहिल्या पाठापासूनच शिकते. आपल्यालाही, वडील कितीही विद्वान असोत, श्रीगणेशा स्वतःच गिरवावा लागतो!