आजीचे टिळक

अकरावीत असताना एकदा मराठीच्या तासाला सरांनी विचारले, की टिळकांविषयी कोण काय सांगू शकेल? मी हात वर केला आणि उभी राहून सांगितले, की टिळकांची गाणी आमच्या देवळात दर रविवारी म्हणतात. सारा वर्ग हसला. सरांच्या मनात लोकमान्य होते आणि माझ्या मनात आजीचे टिळक. मी खाली बसले आणि पुढे वर्षभर त्या तासाला हात वर केला नाही.

आमचे गाव नगर जिल्ह्यात आहे (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण आजीच्या तोंडी अजून नगरच आहे). देऊळ म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली एक लांबट खोली. आत एक पेटी, एक मृदंग आणि टाळांचे चार जोड. माझी आजी शाळेची पायरी चढलेली नाही. वडील सातवी झाले आणि ऊसतोडीला लागले. महाविद्यालयात पाऊल टाकणारी घरातली मी पहिली. पण आजीला शंभरएक गीते तोंडपाठ आहेत. त्यांतली निम्मी तरी ना. वा. टिळकांची असतील, हे मला कळले ते बी. ए.ला आल्यावर. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात कवीपरिचय वाचताना नाव दिसले, नारायण वामन टिळक, आणि पुढे 'फुलामुलांचे कवी'. शाळेत शिकलेली ती जखमी पक्षिणीची कविता, 'केवढे हे क्रौर्य', तीही यांचीच. पिलांसाठी चोचीत चारा घेऊन कशीबशी घरट्यात पोचणारी आणि तिथेच प्राण सोडणारी ती आई. चौथीत असताना मी तिच्यासाठी रडले होते. तेच टिळक आजीचे! तेव्हापासून ठरवले, की या माणसाचे आयुष्य नीट समजून घ्यायचे. या लेखात ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगत आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे. वडील तापट आणि आई जानकीबाई भक्तीत व पद्यात रमणारी. काव्याचा ओढा मुलाला आईकडूनच आला असे मानतात. आई गेली तेव्हा ते लहानच होते. तिच्यामागे घरात मन रमेना, म्हणून ते पायी नाशिकला आले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचे धडे घेतले. इंग्रजी शाळेतही काही काळ गेले, पण तेही अर्धेच राहिले. पदवी वगैरे काही नाही. ज्यांच्या कवितांवर आपण दहा गुणांची उत्तरे लिहितो ते स्वतः असल्या परीक्षांना कधी बसले नाहीत, हे वाचून मला (परीक्षा जवळ आल्या असल्यामुळे) थोडा धीर आला.

१८८० साली त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही वधू. वय सुमारे बारा वर्षांचे. सासरी ती लक्ष्मी झाली. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की धान्यसुद्धा धुऊन घ्यावे. आणि नवरा मिळाला तो कशाचेच सोवळे न पाळणारा, किंबहुना कुठेच न टिकणारा. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा आणखी काही. हातात आलेला पैसा भेटेल त्याला देऊन मोकळा. लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली. तिच्यात हे सारे इतक्या हसतमुखाने सांगितले आहे, की वाचताना आपणही हसतो आणि मग एकदम थांबतो, कारण त्या हसण्याच्या तळाशी बाईची उपासमार आहे.

नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला राहून टिळकांनी काही दिवस धर्मग्रंथांचे काम केले. मनात मात्र वेगळेच मंथन चाललेले होते. देश असा निर्जीव का झाला, माणसामाणसांत ही उतरंड का, आणि एखादा नवा धर्म काढता येईल का, असले विचार. १८९३ मध्ये ते राजनांदगावला निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणे निघाले ते धर्मावर नव्हे, संस्कृत काव्यावर. त्या गृहस्थाला संस्कृत काव्याची गोडी होती. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले, पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून पेन्सिल घेऊन ते वाचायला बसले. डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना.

या प्रसंगापाशी मी बरेच दिवस घोटाळले. दोन अनोळखी माणसे काव्यावर बोलू लागली आणि त्यातून एकाच्या आयुष्याचा रूळ बदलला. त्या प्रवाशाने आधी वाद घातला असता तर? टिळकांसारख्या वादपटूने त्याला पुढच्या स्टेशनापर्यंत पुरता निरुत्तर केला असता, असे मला वाटते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो हिंदी पाळकाच्याच हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता आणि रेव्ह. तुकाराम नथोजी यांनी तो दिला. देव परका नाही, तर तो परक्या हातांनी का यावा, हा त्यामागचा भाव उघड आहे.

पण घरी काय झाले? लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आणि तरी गमावलेला. नातलगांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, त्यांनी ते दिवस काढले. पतीपत्नींची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. या काळात लक्ष्मीबाईही कविता करू लागल्या. टिळकांचे चरित्र लिहिणारे काही लोक ही वर्षे दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही. सत्य सापडले म्हणून जो माणूस इतका आनंदला त्याच्या आनंदाची किंमत त्या वेळी दुसरेच कोणी भरत होते. मी ही गोष्ट आजीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की गाणे म्हणताना हे माहीत नव्हते.

पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ आल्या. तरी त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळेच ठेवले होते. टिळकांनी बळजबरी केली नाही. हळूहळू त्यांचे त्यांनाच वाटू लागले, की ही जात देवाने केलेली नसावी. मग त्यांनी कुणाच्याही हातचे घ्यायला सुरुवात केली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आमच्या वस्तीसारख्या वस्त्यांतून आलेली मुले त्या घरात जेवत, शिकत, भांडत. माझ्या पणज्याच्या पिढीला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते. त्याच पिढीतली आमच्यातली मुले या गोखल्यांच्या लेकीच्या पंगतीला बसत होती. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन आले.

आता त्यांच्या कलेविषयी, कारण माझ्या लेखाचे खरे कारण ते आहे.

टिळक नगरला आले तेव्हा तिथे अमेरिकन मराठी मिशनला साठाहून अधिक वर्षे झाली होती. उपासनेत परदेशी चालींची भाषांतरित गीते बरीच होती. शब्द मराठी, पण श्वास मराठी नाही. तसे पाहता फादर स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ सालीच 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचून छापले होते आणि नगरलाच कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. म्हणजे वाट अगदी नवी नव्हती. पण टिळकांनी ती हमरस्ता केली. अभंग, ओवी, पद, भजन, हे सारे त्यांनी येशूच्या दारी आणले. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते मानीत. धर्म बदलला म्हणून त्यांनी पूल मोडला नाही. पुढे 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची शंभरांहून अधिक गीते आली. 'अभंगांजली' निराळीच. आजीने टाळ हाती घेतला की तिचे डोळे मिटतात आणि सांधे दुखायचे थांबतात. ती टाळाची चाल तिला कोणी परदेशातून आणून दिली नव्हती, ती शेजारच्या दिंडीतूनच तिच्या कानावर होती.

याच सुमारास दुसरी एक घटना घडत होती आणि ती मला फार मौजेची वाटते. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहायला गेले. पडद्यावर ख्रिस्त हलताना पाहून त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला आणि आपल्याकडचा चित्रपट जन्मला. एकाने ख्रिस्ताला पाहिले आणि त्याला कृष्ण आठवला. दुसऱ्याने ख्रिस्ताला वाचले आणि तुकोबांच्या अभंगात त्याला गायले. दोघांपैकी कोणीही हातातले टाकून दुसरे घेतले नाही. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ सिनेमा आणि नाटक म्हणजे सैतानाचे अंगण असे मानतात. गेल्या वर्षी मी स्नेहसंमेलनाच्या नाटकात काम केले म्हणून त्यांनी वडिलांना चार शब्द ऐकवले. वडील घरी येऊन काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागले. त्या रात्री मला फाळके ठाऊक असते तर वडिलांना सांगितले असते.

टिळकांना सौंदर्याची भीती नव्हती. 'वनवासी फूल' या दीर्घ काव्यात कवी रानातल्या फुलाशी बोलतो. फुलाकडे पाहताना देवापासून दूर जात आहोत अशी शंकाही त्यांना शिवत नाही. धर्मांतरानंतर मराठी साहित्यिकांशी त्यांचे नाते तुटले नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले त्यात ते पुढे होते. तिथेच त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांनी त्या मुलाला नगरला घरी आणून ठेवले. ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती घरात मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी ठोमऱ्यांच्या ज्या आठवणी लिहिल्या आहेत, त्या वाचताना बालकवी अंगणात खेळताना दिसतात. बालकवी १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात गेले.

१९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन ते अखेरपर्यंत करीत होते. पण मिशनच्या पगारात आणि चौकटीत त्यांचा जीव गुदमरत होता. १९१७ मध्ये त्यांनी तो पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सारे तिथे एका पंगतीला. हा प्रयोग फार टिकला नाही, कारण त्यांचे आयुष्यच संपत आले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी सुरू केले होते. काही अध्याय झाले आणि लेखणी थांबली. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेत न गेलेली, नवऱ्यापाशी अक्षरे गिरवलेली ही बाई नवऱ्याचे महाकाव्य पुढे नेते! १९३६ मध्ये त्याही गेल्या आणि मुलगा देवदत्त याने शेवट करून ते १९३८ मध्ये प्रसिद्ध केले.

विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी 'स्मृतिचित्रे'वर चित्रपट केला. त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या आहेत. दिवाळीच्या सुटीत मी तो आजीला दाखवला. पडद्यावर माणसे बोलू लागली की आजी त्यांच्याशी बोलते. ही तिची जुनी सवय. टिळकांनी घरातली वस्तू कुणाला देऊन टाकली की ती त्यांना रागावत होती. ताटातुटीच्या प्रसंगी मात्र ती बोलायची थांबली. संपल्यावर तिने एवढेच विचारले, की या बाईने आपले सगळे लिहून ठेवले, मग ते तू मला का वाचून दाखवत नाहीस?

म्हणून आता रोज रात्री, भाकरी झाल्यावर, चुलीजवळ 'स्मृतिचित्रे'चे वाचन चालते. वडीलही दाराशी बसून ऐकतात, ऐकत नसल्यासारखे. एक पान झाले की आजी थांबवते आणि आपली एखादी आठवण सांगते, त्यामुळे पुस्तक फार हळू पुढे सरकते. कालपर्यंत आम्ही लक्ष्मीबाईंना कसेबसे पंढरपूरपर्यंत आणले आहे. पुस्तक ग्रंथालयात परत करण्याची तारीख केव्हाच उलटून गेली. हा लेख ग्रंथपाल वाचतील असे गृहीत धरून मी येथेच मुदतवाढीची विनंती करते.