संत ज्ञानेश्वर आणि मोक्षपट

मराठी घरातील मुलास सापशिडी मुद्दाम शिकवावी लागत नाही. एकापासून शंभरापर्यंतची घरे, एक फासा आणि चार रंगांच्या सोंगट्या पुढे आल्या की पाच वर्षांचे मूलही आजीच्या शेजारी मांडी घालून बसते. मात्र या खेळाचे जुने नाव मोक्षपट असे आहे आणि मराठी परंपरा त्याचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते, ही गोष्ट पुष्कळांच्या कानांवर गेलेली नसते. प्रस्तुत लेखात आम्ही त्या थोर पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत, आणि ते सांगताना लहानग्यांच्या या खेळाकडेही दृष्टी ठेवणार आहोत. ज्ञानेश्वरी कोठे आणि सापशिडी कोठे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते या दोहोंमधील अंतर वाटते तितके मोठे नाही.

पैठणजवळच्या आपेगाव येथील विठ्ठलपंत हे ज्ञानदेवांचे वडील. आळंदीच्या सिधोपंतांची कन्या रुक्मिणी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. विठ्ठलपंतांचे चित्त मूळचेच विरक्त. ते काशीस गेले आणि संन्यास घेऊन राहिले. पुढे घरी पत्नी आहे हे गुरूंस कळले, तेव्हा गुरूंनी त्यांस पुन्हा गृहस्थाश्रमात पाठविले. गुरूंची आज्ञा त्यांनी पाळली. पण संन्यासी पुन्हा संसारी झाला हे त्या काळच्या समाजास सहन झाले नाही. विठ्ठलपंतांच्या कुटुंबावर बहिष्कार पडला. अशा घरी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार भावंडे जन्मास आली. ज्ञानदेवांचा जन्म सामान्यतः शके ११९७, म्हणजे इ. स. १२७५, मधील मानतात. काही अभ्यासक तो चार वर्षे मागे नेतात.

मुले मोठी होऊ लागली तशी त्यांच्या मुंजीचा प्रश्न उभा राहिला. धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी विठ्ठलपंतांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मुलांना तरी समाजात स्थान मिळावे, या आशेने आईबापांनी आपले प्राण दिले, असे परंपरा सांगते. तरीही मुलांवरील डाग पुसला गेला नाही. संन्याशाची पोरे हे शब्द त्यांच्यामागे लागलेच. आजच्या हिशेबाने प्राथमिक शाळेच्या बाकावर बसावयाच्या वयात ही मुले पोरकी झाली, आणि शेजारपाजारच्या अंगणांतही त्यांना जागा उरली नाही.

येथेच मोक्षपटाची आख्यायिका येते. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेसाठी गावात जात, तेव्हा सोपान आणि मुक्ताई ही धाकटी दोघे मागे घरी राहत. त्यांचे मन रमावे, आणि रमता रमता त्यांना चांगल्या-वाइटाची ओळखही व्हावी, म्हणून ज्ञानदेवांनी हा पट आखला, असे सांगतात. आज संग्रहालयांतून दिसणारे या जातीचे जुने पट बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. तेव्हा या कथेस इतिहासाचा दाखला न मानता आख्यायिकेचाच मान द्यावा, हे उचित होय. पण आख्यायिकाही उगीच कोणाच्या नावावर चढत नाही. लोकांनी हा खेळ राजाच्या नावाने सांगितला नाही, की एखाद्या पंडिताच्याही नावाने सांगितला नाही. तो त्यांनी धाकट्या बहिणीची काळजी वाहणाऱ्या एका पोरक्या भावाच्या नावाने सांगितला. त्या भावाचा स्वभाव लोकांनी नीट ओळखला होता, हे त्याच्या पुढील आयुष्यावरून दिसून येते.

शुद्धिपत्र मिळविण्यासाठी ही भावंडे पैठणास गेली. तेथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा आपण बालपणापासून ऐकतो. पैठणहून ती नेवाशास आली. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांस नाथपंथाची दीक्षा मिळाली होती, आणि निवृत्तिनाथ हेच ज्ञानदेवांचे गुरू झाले. थोरल्या भावाच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी नेवासे येथे भगवद्गीतेवर मराठीत निरूपण केले, आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, या वर्षी तो ग्रंथ पूर्ण झाला. त्यावेळी देवगिरीस यादव राजा रामदेवराव राज्य करीत होता. गीतेचे श्लोक सातशे; ज्ञानदेवांच्या ओव्या सुमारे नऊ हजार. इतका विस्तार कशासाठी झाला? तर एकेक अवघड विचार ऐकणाऱ्याच्या गळी उतरावा म्हणून. आई व मूल, पाऊस व शेत, दिवा, फूल, पाखरू अशा रोज दिसणाऱ्या गोष्टींचे दाखले ते एकामागून एक देत जातात. ज्यास संस्कृत येत नाही तोही गीतेच्या दारात उभा राहू नये, आत यावा, ही त्यांची तळमळ होती.

आम्ही स्वतः घरी कोकणी बोलणारे. ज्ञानेश्वरी प्रथम हाती घेतली तेव्हा तिच्यातील जुने शब्द कठीण वाटतील अशी धास्ती होती. पण पाण्याला ज्ञानदेव उदक म्हणतात, आणि आमच्या स्वयंपाकघरात तर हा शब्द रोजचाच. सातशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ आणि घरातला पाण्याचा हंडा यांची भाषा एकच निघाली. ज्ञानदेवांनी विद्वानांच्या सभेतला विषय घरातल्या बोलीत आणला म्हणजे काय केले, ते आम्हांस त्या एका शब्दावरून उमगले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्ञानदेवांनी गीता सोपी केली, पण ती हलकी केली नाही. कठीण भाग गाळून टाकणे हा सोपे करण्याचा एक मार्ग आहे. तो फार स्वस्त पडतो. कठीण भाग ठेवून त्याच्याकडे जाणाऱ्या पायऱ्या बांधणे हा दुसरा. त्यास श्रम पडतात, आणि समोरच्याविषयी प्रेम असावे लागते. ज्ञानदेवांनी दुसरा मार्ग धरला. आणि जुना मोक्षपट पाहिला म्हणजे त्याच्या कर्त्यानेही, तो कोणीही असो, हाच मार्ग धरला होता असे दिसते.

या पटांवरील घरांची संख्या निरनिराळी असे. वैष्णवांमध्ये ७२ घरांचा पट विशेष प्रचलित होता, तर जैन मंडळींत ८४ घरांचा. प्रत्येक घरास नाव असे. खालच्या ओळीत काम, क्रोध, लोभ, मोह. वर जावे तसतसे दान, धर्म, विवेक, ज्ञान. आणि शेवटास वैकुंठ. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण. ७२ घरांच्या एका प्रसिद्ध पटावर ५४ वे घर भक्तीचे आहे आणि तेथील शिडी थेट ६८ व्या घरी, वैकुंठास, पोहोचते. त्याला लागूनच असलेले ५५ वे घर अहंकाराचे. तेथील साप खेळणाऱ्यास अगदी तळाच्या ओळीत आणून टाकतो. भक्ती आणि अहंकार यांच्यामध्ये एका दानाचेच अंतर! मोठमोठ्या ग्रंथांत पानेच्या पाने खर्चूनही जे मनावर ठसत नाही, ते येथे सोंगटी घसरताच मुलाच्या ध्यानी येते.

हा खेळ पुढे इंग्लंडात गेला, आणि १८९२ च्या सुमारास तेथे छापून विकला जाऊ लागला. प्रारंभी तेथील पटांवरही काटकसर, उद्योग, आळस, आज्ञाभंग अशी नावे व चित्रे असत. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या कंपनीने १९४३ साली लहान मुलांसाठी त्याचे सोपे रूप काढले. त्यात सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या, आणि वाचता न येणाऱ्या मुलासही कळावे म्हणून चांगल्या व वाईट वागणुकीची चित्रे आली. आमच्याकडे दुकानांत मिळणाऱ्या पटांवर मात्र बहुधा आकडे, शिड्या आणि साप एवढेच उरले. शिडी कशामुळे मिळाली, साप कशामुळे चावला, हे विचारण्याची सोयच राहिली नाही. खेळ सोपा झाला खरा. पण त्यातला अर्थही वाटेत सांडला.

तरीही या खेळाचा एक मोठा गुण कायम आहे. सारीपाटात कोणती सोंगटी पुढे न्यावी, कोणती राखावी, याचा विचार करावा लागतो. बुद्धिबळाची गोष्ट तर विचारूच नये. तेथे मोठे जिंकतात आणि लहान रडतात. सापशिडीत सारा कारभार दानावर चालत असल्यामुळे आजोबा आणि चार वर्षांची नात एकाच पायरीवर येतात. आजोबांनाही साप गिळतो, हे पाहून नातीस केवढा आनंद होतो! हरणे म्हणजे काय, आणि हरल्यावरही पुन्हा फासा कसा हाती घ्यावा, याचा पहिला धडा मुलास येथेच मिळतो. तोही घरच्या माणसांच्या सोबतीत मिळतो, हे विशेष.

हरलेल्यास पुन्हा उभे करण्याची वेळ ज्ञानदेवांच्या घरीही आली होती. एकदा लोकांच्या बोलण्याने ते इतके दुखावले की झोपडीची ताटी लावून आत बसून राहिले. तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. तिचे ते ताटीचे अभंग मराठी माणसाने जिवापाड जपले आहेत. ज्या बहिणीचे मन रमविण्यासाठी भावाने पट आखला असे लोक सांगतात, त्याच बहिणीने भावाचे मन सावरले. लहानांना आपण जे सोपे करून देतो ते वाया जात नाही. एके दिवशी ते आपल्याकडेच परत येते.

नेवाशानंतर ज्ञानदेवांनी अमृतानुभव रचला, चांगदेवांस ६५ ओव्यांचे पत्र पाठविले, हरिपाठ सांगितला. नामदेवादी संतांसह तीर्थयात्रा केली. पंढरीच्या वाटेवर जातिपातीचा विचार न करता माणसे एकत्र आणली. ज्यांना समाजाने बाहेर घातले होते, त्यांनीच सर्वांना आत बोलावले. ज्ञानेश्वरीच्या शेवटी त्यांनी जे पसायदान मागितले, त्यात स्वतःसाठी काही नाही, आणि ज्यांनी छळ केला त्यांच्याविषयी कटुतेचा लेशही नाही. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६, च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस त्यांनी आळंदी येथे समाधी घेतली. त्यांचे वय तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे सुमारे तीन शतकांनी एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि ग्रंथ पुनश्च घरोघरी पोहोचला.

विद्यार्थिमित्रांनो, होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांनी आपली बोली आणि आपले सणवार इंदुरात आणले. त्यांतलाच एक सण कोजागरीचा. त्या रात्री जागरण करून फाशांनी खेळण्याची चाल जुन्या व्रतात सांगितलेली आहे. घरातील सर्वांनी एकत्र बसून खेळण्याची रात्र आपल्याकडे अशी फार पूर्वीपासून आहे. दूध आटेपर्यंत पत्ते तर आपण खेळतोच. या खेपेस एक मोक्षपट स्वतः तयार करून पाहा.

घरात अगदी लहान भावंड असेल तर शंभर घरे आखू नका. पंचवीस पुरेत, म्हणजे कंटाळा येण्याच्या आत डाव संपेल. शिड्या चार, साप तीन. वाचता न येणाऱ्यासाठी नावांऐवजी चित्रे काढा: आजीला पाणी देणारे मूल, झाडावर दगड मारणारे मूल. शेवटच्या घरात जाण्यास नेमकेच दान पडले पाहिजे, हा नियम लहानांसाठी सोडून द्या. फासा नसल्यास चार अर्धे फोडलेले चिंचोके घ्या. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरे पुढे. चारही काळ्या पडल्या तर आठ. चल्लस-आठ खेळणाऱ्या तुमच्या आजीस हे दान ठाऊक असेल. आणि सोंगटी शिडीने चढली किंवा सापाने घसरली की क्षणभर थांबून ते का घडले, हे लहानग्यास आपल्या शब्दांत सांगा.

हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. खोटे बोलणाऱ्यास साप का चावतो, हे चार वर्षांच्या बहिणीस पटेल अशा रीतीने सांगून पाहा, म्हणजे अवघड गोष्ट सोपी करताना किती विचार करावा लागतो ते कळेल. नेवाशात पंधरा वर्षांच्या एका मुलाने हेच काम नऊ हजार ओव्यांभर केले होते. तुमच्यांतील पुष्कळ जण आज त्याच वयाचे आहेत.